बर्लिनमध्ये फर्निश्ड फ्लॅट घेताय? सही करण्याआधी हे वाचा

बर्लिनमधल्या आपल्या मराठी ग्रुपवर रोज एकतरी मेसेज येतो. "पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, वन बीएचके हवाय, कुणाच्या ओळखीत आहे का?" खाली उत्तरंही ठरलेली असतात. "पहिलं वर्ष फर्निश्ड घे. महाग पडेल, पण पर्याय नाही."

या "पर्याय नाही"चा मला आता मनापासून राग येतो. घरं मिळत नाहीत हे शंभर टक्के खरं आहे. एका साध्या टू-रूम फ्लॅटच्या व्ह्यूइंगला जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग लागते, प्रत्येकाच्या हातात शूफा (म्हणजे क्रेडिट रिपोर्ट), सॅलरी स्लिप आणि जुन्या मालकाचं पत्र असलेली फाइल. पण "महाग" म्हणजे नक्की किती, आणि तेवढं भाडं घ्यायचा मालकाला हक्क तरी आहे का, हे आपण कधी विचारतच नाही. पुण्यात दर अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्स करून, मालक म्हणेल तेवढं वाढवून द्यायची सवय घेऊन आपण इथे येतो आणि इथला मालकही तसाच असणार असं धरून चालतो.

इथे तसं नाही. 2015 पासून मीटप्राइसब्रेम्झे नावाचा कायदा आहे आणि तो सगळ्यात आधी बर्लिनने लागू केला. घर नव्याने भाड्याने देताना कोल्ड रेंट, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून नुसतं घराचं भाडं, त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा जास्तीत जास्त 10 टक्क्यांनीच वर जाऊ शकतं. हे तुलनात्मक भाडं मीटश्पीगेल या शहराच्या अधिकृत तक्त्यावरून काढतात. इमारत कधी बांधली, घर केवढं, वस्ती कशी, बाथरूम कसं, यावर ते बदलतं. 2024 च्या तक्त्यात बर्लिनची सरासरी होती चौरस मीटरला 7.21 युरो. समजा तुमच्या घराचा दर 9 युरो निघाला, तर 45 चौरस मीटरच्या घराचं कोल्ड रेंट साधारण साडेचारशे युरोच्या घरात बसतं. आता पोर्टलवर जाऊन त्याच आकाराच्या फर्निश्ड घराचा आकडा बघा.

अपवाद आहेत. 1 ऑक्टोबर 2014 नंतर पहिल्यांदा वापरात आलेलं घर या कायद्यात येत नाही, संपूर्ण नूतनीकरणानंतर पहिल्यांदा दिलेलंही नाही. आधीचा भाडेकरू नियमात बसणारं पण जास्त भाडं देत असेल, तर मालक तेवढं घेऊ शकतो. पण सगळ्यात मोठी पळवाट वेगळीच आहे. घर "तात्पुरत्या वापरासाठी" दिलं असेल, तर भाड्याची मर्यादाही जाते आणि भाडेकरूला असलेलं बरंचसं संरक्षणही. म्हणून घरात सोफा ठेवायचा, करारात ते एक वाक्य टाकायचं आणि भाडं दुप्पट करायचं. हे राजरोस चालू आहे आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आपण, नुकतेच विमानातून उतरलेले.

नाशिकचं एक जोडपं बर्लिनच्या फ्रीडरिक्सहाइन भागात असंच राहत होतं. त्यांचा करार आम्ही एका रविवारी टेबलावर पसरून ओळ न् ओळ वाचला. शेवटी सामानाची यादी होती: चार काटे, चार चमचे, चार वाइन ग्लास, एक फ्राइंग पॅन, एक झाडू. एवढ्या ऐवजासाठी भाडं तक्त्याच्या दुपटीच्याही पुढे. मुदत एक वर्ष, आणि कारण काय, तर "भाडेकरू बर्लिनमध्ये तात्पुरता राहणार आहे." त्या मुलाची नोकरी कायमची, बायको जर्मनच्या वर्गाला जाणारी. आणि त्याच्या नोकरीचं बेमुदत कंत्राट अर्जासोबत मालकानेच मागून घेतलेलं! म्हणजे हा माणूस तात्पुरता नाही, याचा पुरावा मालकाच्या ईमेलमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होता.

हा मुद्दा नीट समजून घ्या. नुसतं वाक्य लिहिल्याने घर तात्पुरतं होत नाही. भाडेकरू प्रत्यक्षात कशासाठी राहतोय ते बघितलं जातं. तीन महिन्यांच्या प्रोजेक्टला आलेला माणूस तात्पुरता. बाडबिस्तरा घेऊन संसार मांडायला आलेला माणूस तात्पुरता नव्हे. आणि एरवी मुदतीचा करार करायचा, तर मालकाकडे कायद्याने मोजकीच कारणं आहेत. मुदत संपल्यावर स्वतःला किंवा घरच्यांना राहायचंय, घर पाडायचंय किंवा मोठं बांधकाम करायचंय, किंवा आपल्याकडे कामाला असलेल्याला द्यायचंय. तेही करार करताना लेखी सांगावं लागतं. कारण दिलं नसेल, तर तो करार बेमुदत धरला जातो. म्हणजे "वर्ष संपलं, घर सोडा" असं सांगणाऱ्या किती मालकांना तसं सांगायचा हक्कच नसतो!

ते दोघं मीटरफेराइनकडे गेले. ही भाडेकरूंची संघटना, वर्गणी महिन्याला दहा युरोच्या आसपास, आणि त्यात करार वाचून सल्ला देणारे वकील. भाडं जास्त असल्याची लेखी तक्रार मालकाला गेली. त्याला इथे र्युगे म्हणतात. मालकाने आधी दाद दिली नाही, मग धमकीवजा पत्र पाठवलं आणि शेवटी त्याच्या वकिलाने समेट केला. भाडं खाली आलं, आधी जास्त दिलेल्यातले बरेच पैसे परत मिळाले आणि ते अजून त्याच घरात राहतात. प्रत्येकाचं असं होईलच असं नाही. फर्निचरसाठी मालक काहीतरी जादा घेऊ शकतो आणि ते किती, यावर भांडण होतं. पण विचारलंच नसतं, तर त्यांना एक सेंटही मिळाला नसता. कुठलंही ऑफिस आपणहून येऊन भाडं तपासत नाही.

"कशाला भानगड, व्हिसाला प्रॉब्लेम होईल" हे वाक्य आपल्यातले जुनेजाणते लोकच नव्यांना ऐकवतात. त्याने फार नुकसान होतं. मालकाशी भाड्यावरून चाललेला वाद दिवाणी आहे, त्याचा रेसिडेन्स परमिटशी काही संबंध नाही. आणि बेमुदत करारात हक्क मागितला म्हणून घर काढून घेता येत नाही. मालकाला ठोस कारण लागतं, शिवाय नोटीस: तीन महिने, पाच वर्षांनंतर सहा, आठ वर्षांनंतर नऊ.

आनमेल्डुंगचं, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीचंही तेच. "नोंदणी होणार नाही" अशी जाहिरात आपले लोकही बिनदिक्कत टाकतात. तुम्ही प्रत्यक्ष राहायला आलात, तर घर देणाऱ्याने, तुम्ही तिथे राहायला आलात असं नोंदणीसाठीचं पत्र देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याशिवाय टॅक्स आयडीपासून सगळं अडतं. स्वतः जुन्या करारावर स्वस्तात राहून, गावाकडून आलेल्या पोराला एक खोली अख्ख्या घराच्या भाड्याला देणारे मराठी लोक मी पाहिलेत. दिवाळीच्या कार्यक्रमात हेच पुढच्या रांगेत असतात. आपल्या माणसाने आपल्याच माणसाला असं लुटावं याची चीड येते.

या कायद्याने घरं वाढत नाहीत, हे मला मान्य आहे. ज्याला आत शिरता आलं त्याला संरक्षण, बाहेरचा बाहेरच. त्यात नावही आडवं येतं. 2017 मध्ये बायरिशर रुंडफुंक ही प्रसारण संस्था आणि श्पीगेल या साप्ताहिकाच्या पत्रकारांनी वेगवेगळ्या नावांनी घरांसाठी सुमारे 20 हजार अर्ज पाठवून बघितले. अरबी आणि तुर्की नावांना जर्मन नावांपेक्षा कितीतरी कमी बोलावणी आली, आणि म्युनिकमध्ये हा फरक सगळ्यात मोठा होता. त्यामुळे सुरुवातीला फर्निश्ड घर घ्यावंच लागलं, तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण आत गेल्यावर गप्प बसू नका.

ज्यांचा करार 1 एप्रिल 2020 किंवा त्यानंतरचा आहे, त्यांनी आजच तारीख बघावी. करार सुरू झाल्यापासून 30 महिन्यांच्या आत आणि घर सोडायच्या आधी तक्रार केली, तर पहिल्या महिन्यापासूनचे जादा पैसे मागता येतात. त्यानंतर केली, तर फक्त तक्रारीपासून पुढचे. नोकरीचं कंत्राट, मालकाशी झालेले सगळे ईमेल आणि घराची मूळ जाहिरात पीडीएफ करून ठेवा, कारण जाहिरात पोर्टलवरून लगेच उतरते. मी वकील नाही, पण जर्मनची अडचण असेल, तर मीटरफेराइनच्या अपॉइंटमेंटला सोबत यायला मी तयार आहे. मेसेज करा, फक्त शनिवार सोडून.