गावाचा उद्धार, शनिवारी जाऊन रविवारी परत

खेड्यांचा विकास करावा अशी इच्छा पुणेकराला साधारण शुक्रवारी संध्याकाळी होते आणि रविवारी रात्रीपर्यंत तो करून मोकळाही होतो. हल्ली याला ग्रामीण पर्यटन म्हणतात. गावात जायचं, गावकऱ्याच्या घरी राहायचं, त्याच्या चुलीवरचं जेवायचं आणि पैसे थेट त्याच्या हातात द्यायचे. यातली पहिली तीन कामं अगदी मनापासून करा. चौथ्याची सवय मात्र गावाला लावू नये. गाव बिघडतं.

ते कसं टाळायचं, हे मी स्वतः गाडी घेऊन चार-पाच वर्षं शिकलोय, म्हणून सांगतो.

सुरुवात काजव्यांपासून करा. मे संपत आला की अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीला निघायचं. नाशिक रस्त्याने नारायणगाव, आळेफाटा, मग कोतूळकडे. तिथे सगळे पाहुणे एकाच घरात कोंबत नाहीत. घरांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आज जेवण एका घरी, उद्या दुसऱ्या, वाट दाखवायला तिसऱ्या घरातला पोरगा. म्हणजे एकट्याचंच हॉटेल होत नाही, चार घरांत चार पैसे जातात. हे दिवस भातलावणीच्या आधीचे. बी-बियाण्यांचा खर्च समोर उभा आणि घरात रोकड सगळ्यात कमी. नेमका तेव्हाच काजवा चमकतो. निसर्गाने इतका जुळवून आणलेला योग मोडायला आपल्यासारखा जाणता माणूसच लागतो.

कृती सोपी आहे. फोन करून अकरा जणांचं जेवण सांगा. निघताना घरून धपाटे, दाण्याची चटणी आणि चिवड्याचा डबा घ्या. ते गाडीतच संपवा आणि रात्री साडेनऊला पोचल्यावर दारातूनच म्हणा, ‘ताई, भूक नाहीये हो फारशी, पाचच ताटं वाढा.’ उरलेल्या भाकऱ्यांचं काय, अशी टोचणी लावून घेऊ नका. गुरं असतात. त्या घराची पाळी आता सगळ्या घरांचा फेरा झाल्यावर येईल, हेही डोक्यात आणू नका.

मग पैशांचं बोलणं. ताटाचा दर ऐकून आधी नुसतंच ‘एवढे?’ म्हणायचं आणि थांबायचं. समोरची बाई संकोचली की हिशेब मांडायचा: तांदूळ तुमच्याच शेतातला, सरपण रानातलं, पाणी विहिरीचं, मग खर्च कसला? विहीर लांब आहे आणि हंडे तिनेच वाहिलेत, हे हिशेबात धरायचं नसतं. श्रमाला मोल शहरात असतं. त्या श्रमांनीच तर आपण थकून इथवर आलोय.

जेवण झालं की काजवे. नर काजवा लुकलुकतो तो मादीला खूण करायला, आणि ती खाली गवतात, झुडपात बसून त्याला उजेडानेच उत्तर देते. त्या बापड्यांना अंधार लागतो. म्हणून हेडलाइट लावून गाडी थेट झाडाखाली न्या. वाट दाखवणारा पोरगा ‘बॅटरी बंद करा काका’ म्हणाला तर त्याच्याच तोंडावर बॅटरी मारून नाव विचारा. गवतात नीट पाय रोवून फोटो काढा. दोन-तीन वर्षांनी काजवे कमी झाले की या लोकांना निसर्ग जपता येत नाही, हे सांगायला आपणच जाणार आहोत.

वेळासला वेगळी पद्धत लागते. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं हे गाव. इथल्या किनाऱ्यावरची कासवांची अंडी पूर्वी चोरीला जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव भरायला लागला. समुद्राकडे निघालेली पिल्लं बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत उतरतात, ओटीवर गाद्या टाकून झोपतात, मोदक खातात. अंडं विकण्यापेक्षा राखण्यात जास्त मिळतं, हे तिथल्या घरांना असं कळलं. नाना फडणवीसांचं मूळ गाव आहे ते. पेशव्यांची दप्तरं राखणाऱ्या माणसाच्या गावाला हिशेब शिकवण्याचा मान आपल्याला मिळतोय, तो सोडू नये.

अडचण एवढीच की पिल्लं त्यांच्या वेळेनं वाळूतून वर येतात. तुमची सोमवारची मीटिंग त्यांना माहीत नसते. तुम्ही असताना एकही पिल्लू निघालं नाही, तर त्याची भरपाई मोदकांच्या पैशांतून कापून घ्या. मोदक खाल्ले, हा युक्तिवाद ऐकू नका. आपण मोदकांसाठी आलोच नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, सारखी घासाघीस करून माणसाला कमीपणा वाटतो. वाटू दे की. त्यावर उपाय आहे. सढळ हातानं खर्च करायची हौस असेल तर पुण्याच्या आसपासच, ‘अ‍ॅग्रो’ असं लिहिलेल्या कमानीतून आत शिरा. 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, शेतीला जोडून शेतकऱ्याला आणखी चार पैसे मिळावेत म्हणून. सातबारा बाणेरच्या माणसाच्या नावावर असला म्हणून काय तो शेतकरी नाही? तिथे हुरडा अमर्याद, आगटी गॅसची आणि रेन डान्स जानेवारीत. आजूबाजूच्या गावातले दोघं नोकरीला असतात. एक गेटवर, दुसरा वासुदेवाच्या टोपीत. पैसे आधीच ऑनलाइन भरलेले, त्यामुळे दर विचारून संकोचायला समोर कुणी नसतं. पुण्याचा पैसा मुठा नदीही न ओलांडता पुण्यातच राहतो आणि आपल्याला ग्रामीण वाटतं ते वाटतंच.

खऱ्या गावात गेलातच तर एका गोष्टीवर तडजोड नको. घर शेणानं सारवलेलंच हवं. संडास मात्र कमोडचा. माझ्या एका मित्राला गेल्या वर्षी केवढा धक्का बसला! दोन वर्षांपूर्वी ज्या घरात तो घोंगडीवर झोपला होता, तिथे फरशी बसलेली. मालकीण कौतुकानं सांगत होती, पाहुण्यांच्या पैशांतून बसवली, आता पावसाळ्यात खालून ओल येत नाही. मित्र घरी येईपर्यंत हळहळत होता, ‘खेडं हरवलं रे.’ रस्त्यात एका ढाब्यावर त्याने पनीरच्या भाजीचे 380 रुपये दर न विचारता दिले आणि वर वेटरला 50 ठेवले, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

शेवटचं, रविवारी रात्री घरी पोचलात की अनोळखी नंबर उचलू नका. मागे एकदा मी उचलला. गावातल्या त्या ताई होत्या. ‘पोचलात का नीट? तुमचं चार्जर राहिलंय इथं. उद्या सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देऊ का?’

मी आधी विचारून घेतलं, त्याचे वेगळे किती घ्याल?