मायनस म्हणजे थकबाकी नाही हो, तुमचे जमा आहेत!

नमस्कार, तुमचा रिव्ह्यू वाचला. 'हेडफोन परत केला तरी रिफंड दिलाच नाही, उलट कार्डावर मायनस ४८०० आले, ते भरले तर मायनस ९६०० झाले, फ्रॉड दुकान आहे' असं तुम्ही लिहिलंय. फ्रॉड शब्द लागला मनाला, पण राग बाजूला ठेवून आधी हिशोब सांगतो.

तुम्ही ४ तारखेला हेडफोन घेतला, १० ला क्रेडिट कार्डाचं बिल आलं, १२ ला तुम्ही ते पूर्ण भरलं, म्हणजे बाकी शून्य. १४ ला हेडफोन परत आणला, आणि आमचा रिफंड १९ ला कार्डावर जमा झाला. आता देणं काहीच नाही आणि वरून ४८०० आले, तर ते दाखवणार कुठे? म्हणून मायनस. काही बँका मायनस न दाखवता पुढे 'सीआर' लिहितात, अर्थ तोच, बँक तुमचं देणं लागते. बँक खात्यात मायनस दिसलं की पोटात गोळा येतो, कार्डाचं बरोब्बर उलटं असतं, आणि हे कोणी समजावून सांगतच नाही त्यामुळे २० तारखेला तुम्ही घाबरून परत ४८०० भरलेत यात तुम्हाला दोष देत नाही. पण त्यामुळेच ९६०० झाले, आम्ही काढले नाहीत.

पैसे कुठे जात नाहीत. पुढे ३००० ची खरेदी केलीत तर त्यातूनच वळते होतील, ६६०० उरतील. पण पडून राहिले तर व्याज मिळत नाही, म्हणून खरेदी करायची नसेल तर बँकेला फोन करून जादा रक्कम बचत खात्यात पाठवा म्हणा, करतात ते. मुद्दाम जादा भरून क्रेडिट स्कोअर वाढतो असंही काही नसतं बरं का. आणि एक, रिफंड बिलाच्या मुदतीआधी येईलच असं नसतं, तेव्हा पुढच्या वेळी रिफंड येणारच आहे म्हणून मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, चुकवू नका, लेट फी लागते.

रोख का दिले नाहीत विचारलंत, तर कार्डाने घेतलेले पैसे त्याच कार्डावर परत करावे लागतात, आमच्या हातात नाही ते.

चूक आमची एक आहेच. काउंटरवरच्या मुलाने 'पैसे खात्यात येतील' असं सांगितलं, कार्डावर म्हणायला हवं होतं, तुम्ही पाच दिवस बँकेचं पासबुक बघत बसलात. त्याबद्दल खरंच सॉरी. रिफंडचा २३ आकडी एआरएन नंबर, म्हणजे कार्डाचा व्यवहार शोधायचा नंबर, तुम्हाला मेसेज केलाय, बँकेला तो सांगितला की एन्ट्री लगेच सापडते.

आणि परत दिलेल्या हेडफोनच्या डब्यात तुमची स्वतःची चार्जिंगची केबल राहिली होती, ती काढून ठेवलीय, याल तेव्हा घेऊन जा.