याले पाणीच नाही लागत

नागपुरात झाडं घ्यायला लोक फेब्रुवारीत जातात. हवा गुलाबी असते, गिऱ्हाईक गाफील असतं आणि नर्सरीत प्रत्येक कुंडीत काही ना काही फुललेलं असतं. मे महिन्यात तिकडे कोणी फिरकत नाही. त्यामुळे मे महिन्यात कोणतं झाड कसं दिसतं हे एकट्या नर्सरीवाल्यालाच माहीत असतं, आणि तो कशाला सांगेल?

"काका, हे घेऊन जा. याले पाणीच नाही लागत."

हे तो फुगीर बुंध्याच्या अडेनियमबद्दल म्हणतो, जाड गुबगुबीत पानांच्या जेडबद्दल म्हणतो, कोरफडीबद्दल म्हणतो. एकदा मी मुद्दाम फर्नकडे बोट दाखवलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "याले बी कमीच लागते."

आमची गच्ची पश्चिमेकडे उघडी आहे. एप्रिल लागला की दुपारी तीन वाजता तिथे अनवाणी जायची कोणाची छाती होत नाही. पाइप उन्हात पडून असला तर त्यातून पहिलं पाणी येतं ते थेट चहापत्ती टाकण्यालायक. ते आधी मोरीत सोडायचं, मग हाताला लावून बघायचं, मग झाडाला. ४५ अंश म्हणजे इथे बातमी नसते. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा कुठे देशाचं लक्ष गेलं. हवामान खात्यानं नंतर सेन्सरमध्ये दोष असल्याचं सांगितलं. आमच्या कुंड्यांचा मात्र त्या सेन्सरवर पूर्ण विश्वास होता.

तर अशा गच्चीवर कमी पाण्यात जगणारी झाडं लावायची असं ठरलं. ठरलं म्हणजे बायकोनं ठरवलं. "अहो, उन्हाळ्यात एक तर नळ जेमतेम येतो, त्यात तुमचे गुलाब पाणी पितात." यात गुलाबांवर थोडा अन्याय होता. घरात सगळ्यात जास्त पाणी पितो तो कूलर. रात्रभर गटागट पितो आणि पहाटे पुन्हा टाकी कोरडी. पण कूलरविरुद्ध नागपुरात कोणी बोलत नाही. माणूस एकवेळ देवाला नावं ठेवील.

पहिलं जेड आलं पुण्याहून. आमचे साडभाऊ कोथरूडला राहतात आणि त्यांच्या बाल्कनीत जेडचं झाड कमरेपर्यंत आलंय. त्यांनी त्याचं पिल्लू स्वतःच्या हातानं आणलं, रेल्वेत मांडीवर ठेवून. "काही करायचं नाही. विसरून जायचं." पुण्याच्या माणसाचा नागपूरला सल्ला नेहमी असाच असतो, त्यात उन्हाळा गृहीत धरलेला नसतो. जेड, कोरफड, निवडुंग या मंडळींची एक युक्ती आहे. दिवसा पानांची छिद्रं घट्ट मिटून घ्यायची, पाणी उडू द्यायचं नाही, आणि रात्री गारव्यात ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा. युक्ती झकास आहे, पण तिच्यासाठी रात्र गार लागते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ भट्टीच्या दिवसांत, आमची रात्रही तापलेली असते. बारा वाजता भिंतीला हात लावला तर भिंत हात झटकते. ते जेड मेमध्ये सुरकुतलं, त्याची पानं टपटप गळाली आणि खाली एक करंगळीएवढा दांडा उरला. साडभाऊंचा फोन आला की बायको सांगते, "मस्त आहे हो, जरा बारीक झालंय."

कोरफडीचं तसं नाही. ती भर उन्हात तांबूस-तपकिरी होते, बघणाऱ्याला वाटतं गेली. सावलीत सरकवली की महिनाभरात पुन्हा हिरवी. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या दारात एक कोरफड मुळं वर करून टांगलेली आहे, दृष्ट लागू नये म्हणून. तिला माती नाही, पाणी नाही, वरून गिऱ्हाइकांची डोकी लागतात, तरी ती जिवंत आहे. इतक्या सोशिक झाडाशी तुलना केली तर बाकीची सगळीच नाजूक वाटणार.

अडेनियमला ऊन जितकं द्याल तितकं कमीच. आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं झाड ते, बुंध्यात पाणी साठवून बसतं. मेमध्ये त्याच्याइतकं खूश गच्चीवर दुसरं कोणी नसतं. त्याचं मरण जुलैत असतं. ही गोष्ट मात्र नर्सरीवाला, साडभाऊ आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, कोणीच सांगत नाही. नागपूर म्हणजे राजस्थान नव्हे. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात ओततो. म्हणजे झाडानं आधी भट्टीत बसायचं आणि लगेच उठून हौदात उभं राहायचं. वर कुंडीत आपली काळी माती. ही माती उन्हाळ्यात आक्रसते आणि कुंडीची कड सोडते. मग वरून टाकलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं, मुळं कोरडीच राहतात आणि शेजारच्या फरशीवर तळं साचतं. पावसाळ्यात तीच माती फुगून अशी चिकटते की पाणी हलायचं नाव घेत नाही. जुलैच्या शेवटी अडेनियमचा बुंधा बोटानं दाबून बघायचा. टणक लागला तर ठीक. बोट आत गेलं तर सडलं. मग सडका भाग कापा, हळद लावा, सुकवा. या झाडाला माती अशी नकोच, वाळू आणि विटांचा चुरा हवा.

कण्हेर आणि बोगनवेल यांचं हे रडगाणं नाही. कण्हेरीच्या अंगभर विष, त्यामुळे गाय-बकरी तोंड लावत नाही. ती महामार्गाच्या दुभाजकावर ट्रकांचा धूर खात फुलते. आमच्या गल्लीतली गाय फाटक उघडं दिसलं की आत येऊन सगळ्याची चव घेते, कण्हेरीपाशी आली की आदरानं वळते. घरात लहान मूल असेल तर मात्र ती लावू नये. सदाफुली मूळची मादागास्करची, पण तिला आता ते आठवतही नसावं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला जिथे तडा गेलाय, तिथे सिमेंटमधून ती उगवली आणि फुलली. बाजूच्या कुंडीत खत घालून लावलेली तिची बहीण रुसून बसलीय.

बोगनवेल तर उलट्या काळजाची. तिची ती गुलाबी-जांभळी फुलं म्हणजे खरं तर रंगीत पानं, खरं फूल त्यांच्या मधोमध इवलंसं पांढरं. तहान लागली की ती भरभरून फुलते. पाणी भरपूर मिळालं की नुसती पानं काढते आणि काटे वाढवते.

इथेच आई येते.

आईला ही सगळी झाडं म्हणजे घरात उपाशी ठेवलेली लेकरं वाटतात. "उन्हातान्हात उभं आहे ते बिचारं, अन् तुम्ही म्हणता पाणी नको टाकू? काहून? तहानलेल्याले पाणी पाजावं, एवढं बी नाही समजत?" तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, रात्रीच्या तांब्यात उरलेलं पाणी, सगळं संध्याकाळी झाडांना. मी तिला पानांची छिद्रं समजावून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रात्री टाकायचं का?"

निवडुंग तिच्या मायेपुढे टिकला नाही. वाळवंटात पिढ्यान् पिढ्या काढलेलं खानदान ते, तांदळाच्या पाण्यानं गेलं. बोगनवेलीनं फुलं बंद केली आणि कठड्यावरून तीन हात पुढे जाऊन शेजाऱ्यांच्या पापडांना काटे लावले. शेजारच्या काकू दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी झाडांची तुलना वेगळ्याच निकषावर करतो. किती ऊन लागतं, किती पाणी लागतं हे नंतर. आधी बघायचं, आईचा हात पोचतो का? तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी शिडीच्या वर ती जात नाही. सगळी कोरडी जात मी टाकीच्या बाजूला चढवली. अडेनियम वर, बोगनवेल वर, पावसाळ्यासाठी अडेनियमपुरता प्लॅस्टिकचा पत्राही वर. खाली मोगरा आणि तुळस ठेवली, म्हणजे आईच्या तांब्याला काम राहील. यंदा मार्चमध्ये टाकी दिसेना इतकी बोगनवेल फुलली. शेजारच्या काकू स्वतःहून म्हणाल्या, "बापा, काय दिसतं हो!"

पण आईनं खालून मान वर करून नेमकं उलटंच पाहिलं. "वरच्यांना कोण पाणी टाकतं?" मी म्हटलं, टाकतो मी. तिचा विश्वास बसला नाही. तिनं नातवाला हाताशी धरलं. तो शिडी माकडासारखी चढतो. एका तांब्याचे दहा रुपये, पदरातून रोख.

हे मला कळल्यावर मी त्याला पाणी न टाकण्याचे वीस देऊ केले. तो दोन्हीकडून घेतो. आईसमोर भरला तांब्या घेऊन वर जातो, टाकीत ओततो, रिकामा घेऊन खाली येतो. परवा त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, नवतपा लागला की शिडी तापते. तेव्हा रेट वाढेल. आजीला सांगून झालंय."