गळा, गिटार आणि एक डबा

अँप्लिफायर एकच घ्यायचा असं आमच्या घरी ठरलं, त्यामागे संगीताचं काही कारण नव्हतं. राजारामपुरीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि वाहन म्हणाल तर एक स्कूटर. पुढे मी, मागे बायको, तिच्या पाठीवर गिटार. उरली ती पाय ठेवायची जागा. तिथे मावेल तेवढंच संगीत करायचं. ताराबाई पार्कातल्या एका कॅफेवाल्याने शनिवारी संध्याकाळी बोलावलं होतं. मी जॅझ गिटार वाजवणार, ही गाणार. अट एकच: लोकांना आपापसात बोलता आलं पाहिजे.

जॅझ गिटारवाला हा प्राणीच उफराटा. पैसे घालून पोकळ पोटाची गिटार घ्यायची, तिला महागाच्या फ्लॅटवाउंड (वरून सपाट गुंडाळलेल्या) तारा चढवायच्या, मानेकडचा पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा तुकडा) लावायचा आणि मग टोनचं बटण फिरवून होता नव्हता तेवढा झणझणीतपणा काढून टाकायचा. कोल्हापुरात राहून असं अळणी खपवणं सोपं नाही. गिटारचा अँपही त्याच पंथातला. त्यातला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरच्या, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजांपुढे हात टेकतो. गिटारला ते मानवतं. माणसाच्या बोलण्यातल्या स, श, च यांची धार मात्र बरीचशी तिथून वरच असते.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात याचा प्रत्यय आला. आमची ही माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करत नाही. घरात काय संपलंय ते म्हणते. "साखर, शेंगदाणे, चहापूड, साबण." गिटारच्या अँपमधून बाहेर पडलं ते असं: "आखर, एंगदाणे, हापूड, आबण." दुकानातला पोरगा मन लावून ऐकत होता. म्हणाला, "काकू, जरा तोंड उघडून बोला की."

ही माझ्याकडे वळायच्या आत मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, पूर्वी हे सर्रास चालायचं. गिब्सन कंपनीने १९३६ साली ईएस-१५० ही विजेवरची गिटार काढली, अँप आणि केबलसकट सुमारे दीडशे डॉलरला. चार्ली ख्रिश्चन हा जॅझ गिटारवाला १९३९ मध्ये तीच घेऊन बेनी गुडमनच्या जॅझ ताफ्यात शिरला, तेव्हा कुठे गिटारचे सोलो ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या गर्दीतून लोकांच्या कानावर पडू लागले. पुढे १९५०च्या दशकातल्या फेंडर डीलक्स या गिटार अँपवर तर एका चॅनेलवर चक्क ‘माइक’ लिहिलेलं असायचं. एकाच डब्यात गळा आणि गिटार!

"त्या काळातल्या बायका सोसून घेत होत्या," ही म्हणाली.

मग उलट बाजूने सुरुवात केली. गाण्यासाठीचा स्पीकर आणि मिक्सर. साखर-शेंगदाणे स्वच्छ आले, अगदी दुकानाच्या पायरीपर्यंत. गिटार मिक्सरच्या लाइनच्या भोकात खुपसली आणि ती आजारीच पडली. साध्या पिकअपला पुढे एक मेगाओमच्या आसपासच्या विद्युत अडथळ्याचं (इम्पीडन्सचं) इनपुट लागतं. लाइनचं असतं दहा-वीस किलोओमचं, त्यात त्याचा जीव जातो. खरं सांगायचं तर तो मेलेला आवाज मला थोडा आवडलाच होता, पण मध्ये डीआय बॉक्स (हा अडथळा जुळवून देणारी डबी) टाकला आणि ट्वीटरने, म्हणजे बारीक आवाजांच्या छोट्या स्पीकरने, तारेवर घसरलेल्या प्रत्येक बोटाची चुगली केली.

तेवढ्यात काउंटरशी पी-थर्टीएट पिना (केबलच्या पाव इंची पिना) घ्यायला आलेले एक डॉल्बीवाले आमच्या संसारात पडले.

"पब्लिक किती हाय?"

"चाळीसेक."

"मग दोन टॉप, दोन बेस टाकूया. नाद खुळा वाजतंय."

"अहो, पण लोकांना बोलायचं असतं."

"मग वाजवताय कशाला?"

याला आजही माझ्याकडे उत्तर नाही. जॅझ म्हणजे काय, तेही त्यांनी विचारलं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचं ट्रंपेट असायचं ना, त्या अंगाचं, असं मी सांगितलं. "हां, म्हणजे बेंजो!" म्हणून त्यांनी विषय मिटवला.

अखेर घेतला तो अकॉस्टिक गिटारसाठी बनवलेला दोन चॅनेलचा अँप. फिशमनच्या लाउडबॉक्स मिनीच्या जातीचा: साठ वॅट, साडेसहा इंची वूफर (जाड आवाजांचा स्पीकर), एक इंची ट्वीटर, वजन नऊ किलोच्या आत. एका चॅनेलला गिटारची पाव इंची पिन, दुसऱ्याला माइकची तीन पिनांची एक्सएलआर. दोन्हींना वेगळा टोन. म्हणजे माझ्या चॅनेलचं ‘हाय’, म्हणजे बारीक आवाजांचं बटण, पार तळाला नेता येतं आणि तिचा ‘स’ शाबूत राहतो. मोठ्या गिटार अँपची ऊब यात नाही, हे मान्य. पण नुसता रोलंड जेसी-१२० घेतला तर तोच अठ्ठावीस किलोंचा; मग बायकोला रिक्षाने पाठवावं लागेल.

कुरबुरी आहेतच. डबा मागे ठेवला की माइक शिट्टी मारतो आणि पोकळ गिटार हुंकार भरते. पुढे ठेवला तर आमचं आम्हालाच ऐकू येत नाही. सध्या तो आमच्या शेजारी, थोडा पुढे, प्लास्टिकच्या खुर्चीवर तिरका बसतो. गिटार घुमलीच तर फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण दाबायचं, कधीकधी ऐकते. गिटारचा आवाज माझ्या हातात, माइकचा तिच्या. मास्टरचं, म्हणजे एकूण आवाजाचं, बटण मात्र एकच आहे, आणि खुर्ची तिच्या बाजूला असते.