"लक्झरी गाडीचा भाव ठरलेलाच असतो" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज माझ्याकडे निदान दहा जणांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, माझ्याकडे हिशेब असलेल्या दोन ठेकेदारांकडूनही आला. "लक्झरी गाडी घेताय? हे पाच नियम पाळा." नियम थोडक्यात असे: भाव ठरलेला असतो, घासाघीस करू नका. गाडी कंपनीच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळतो. पासिंग बाहेरच्या राज्यात करा. विमा शोरूमचाच घ्या, नाहीतर वॉरंटी जाते. आणि लीज केव्हाही बरी, कारण तिचं भाडं कर्जाच्या हप्त्यापेक्षा कमी पडतं.

मी करसल्लागार आहे. या सल्ल्यांवर चालून लोकांचे लाखो रुपये गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"भाव ठरलेला असतो"

हे वाक्य कुठून आलं असावं याचा अंदाज करता येतो. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर 2021 मध्ये भारतातली विक्रीची पद्धत बदलली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीचं, किंमत देशभर एक, आणि शोरूम मध्यस्थ. तिथला सेल्समन "मूळ किंमत माझ्या हातात नाही" म्हणाला तर तो खरंच सांगतोय.

पण ही पद्धत सरसकट सगळ्या महागड्या गाड्यांची नाही. जुन्या पद्धतीत डीलर कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि यार्डात उभी करतो, तीही बहुधा बँकेच्या पैशांवर. गाडी जितके दिवस उभी, तितकं व्याज त्याच्या डोक्यावर. म्हणून शोरूममध्ये गेल्यावर आधी विचारावं, "तयार स्टॉकमध्ये काय आहे आणि ती गाडी कोणत्या महिन्यात बनली आहे?" तीन-चार महिने उभ्या असलेल्या गाडीवर डीलर जितका खाली येतो, तितका नव्याने मागवायच्या गाडीवर येत नाही. डिसेंबरची सूट मात्र जपून घ्यावी. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि पुढे जुनी गाडी घेणारा आधी तेच पाहतो. दहा वर्षं वापरणार असाल तर ती सूट खुशाल घ्या. तीन वर्षांत गाडी बदलायची असेल, तर एक वर्ष जुनी धरली गेल्याने विकताना किती कमी येतील तेही मोजा.

आता मूळ किंमत अगदी पक्की आहे असं धरू. तरीही बोलण्यासारखं बरंच उरतं. एक्स-शोरूम 70 लाखांची मोठी पेट्रोल गाडी घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवर सरसकट 40 टक्के जीएसटी आहे, वेगळा सेस नाही. म्हणजे 50 लाख गाडीचे आणि 20 लाख जीएसटीचे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर, 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर 13 टक्के, म्हणजे साधारण 9 लाख 10 हजार. वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आधीच गोळा केलेला आयकर, 70 हजार. हे सगळं सरकारचं, त्यावर वाद घालण्यात वेळ जाईल. टीसीएस तर तुमच्याच पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. डीलरकडे तो "माफ करा" म्हणून हट्ट धरणारे लोक मी पाहिलेत; त्या हट्टापायी खऱ्या मुद्द्यांकडे त्यांचं लक्ष जात नाही.

खरे मुद्दे कोटेशनच्या खालच्या भागात असतात: विमा, वाढीव वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज, ॲक्सेसरीज, "हँडलिंग", "फाइल चार्जेस". यातली बरीचशी खोगीरभरती असते. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, "हे कशाचे, पावती कोणाची, आणि नको असेल तर?" पावती कुणाची मिळणार तेच सांगता येत नसेल, तर ती ओळ सरळ काढायला लावा.

सगळ्यात जास्त पैसा जातो तो एक्सचेंजमध्ये. माझ्या मेहुण्याला दोन लाखांची "खास सूट" मिळाली, घरी पेढे आले. त्याच्या जुन्या गाडीचे शोरूमने साडेअकरा लाख धरले होते. आदल्याच आठवड्यात त्याच गाडीला बाहेरच्या दोन जणांनी चौदा लाख सांगितले होते. एका हाताने दोन दिले, दुसऱ्या हाताने अडीच काढून घेतले. नव्या गाडीचा आकडा कागदावर येईपर्यंत जुन्या गाडीचं नावही काढू नका.

आणि जी सूट मिळेल ती बिलावर दाखवायला सांगा. बिलावर दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, त्यामुळे जीएसटी आणि टीसीएस दोन्ही कमी रकमेवर लागतात. "पन्नास हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट" यात तसं काही होत नाही, शिवाय त्या वस्तूंची किंमत डीलरनेच ठरवलेली असते.

"कंपनीच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळतो"

या एका ओळीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे चालकासह 13 जणांपर्यंत बसण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. गाड्या विकणं, प्रवासी वाहतूक, गाडी चालवायला शिकवणं असे धंदे अपवाद आहेत. बांधकामाची, औषधांची, सॉफ्टवेअरची कंपनी असेल आणि मालकाला फिरायला सेडान घेतली असेल, तर वरच्या उदाहरणातले जीएसटीचे 20 लाख खर्चातच जातात.

कराडकडच्या एका ठेकेदाराने हा मेसेज वाचून प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर गाडी घेतली आणि आधीच्या हिशेबनिसाने क्रेडिट घेऊनही टाकलं. प्रकरण माझ्याकडे आलं ते नोटीस आल्यावर. वापरलेलं क्रेडिट 18 टक्के व्याजासह परत भरावं लागलं. आणखी एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती: महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला आरटीओचा कर 20 टक्के आहे. वरच्याच 70 लाखांच्या गाडीवर तो 14 लाख होतो. म्हणजे फक्त नाव बदलल्याने 4 लाख 90 हजार जास्त.

कंपनीला वर्षाला 15 टक्के घसारा (गाडीची उतरलेली किंमत) आणि कर्जाचं व्याज खर्चात धरता येतं, हे खरं आहे. पण कंपनी नसून धंदा तुमच्या एकट्याच्या मालकीचा असेल तर गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर ठेवूनही, धंद्यासाठी जितकी वापराल तितक्या हिश्शाचा घसारा मिळतो. आधी तुमच्या सीएकडून दोन्ही गणितं मांडून घ्या, मग नाव ठरवा.

"पासिंग बाहेरच्या राज्यात करा"

मोटार वाहन कायद्यानुसार गाडी जिथे राहते तिथेच नोंदवायची असते, आणि 12 महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर नंबर बदलून घ्यावा लागतो. 2017 मध्ये केरळात पुदुच्चेरी पासिंगच्या महागड्या गाड्यांची चौकशी झाली. खोट्या पत्त्यांवर नोंदणी केल्याचे गुन्हे दाखल झाले, आणि त्यात नावाजलेली माणसंही अडकली. चार लाख वाचवायला खोटा भाडेकरार करू नका.

"विमा शोरूमचाच घ्या"

वॉरंटी गाडीच्या निर्मितीतल्या दोषाची असते. तुम्ही विमा कोणाचा घेतला याच्याशी तिचा संबंध नाही, आणि शोरूमला विम्याची सक्ती करता येत नाही. मेसेजमागची रास्त शंका कॅशलेसची आहे: विमा कंपनीचा त्या अधिकृत वर्कशॉपशी करार नसेल, तर अपघातानंतर लाखांचं बिल आधी तुम्हाला भरावं लागतं. म्हणून पॉलिसी घेण्याआधी वर्कशॉपलाच फोन करून विचारा.

दर तपासताना गाडीची विमा किंमत म्हणजे आयडीव्ही, झीरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापण्याची सोय), इंजिन कव्हर हे सगळं दोन्हीकडे सारखं ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. मेहुण्याच्याच वेळी शोरूमचा आकडा 2 लाख 90 हजार होता आणि बाहेर त्याच अटींवर 2 लाख 10 हजार. कागद समोर ठेवल्यावर शोरूम अर्ध्या तासात 2 लाख 20 हजारांवर आलं. जुन्या गाडीवर क्लेम नसेल तर नो क्लेम बोनसही विसरू नका. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, नव्या गाडीला लावता येतो आणि स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत जातो.

"लीजचं भाडं हप्त्यापेक्षा कमी, म्हणून लीज बरी"

कर्जाच्या हप्त्यांत तुम्ही पूर्ण गाडी फेडता आणि शेवटी ती तुमची होते. लीजमध्ये त्या काळात उतरलेली किंमत आणि व्याज भरता, शेवटी गाडी परत जाते. मग भाडं कमी दिसणारच. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे तर चार वर्षांनी हातात काय उरतं तेही मांडावं लागेल. कर्जाचा दर "फ्लॅट", म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, असा सांगत असतील तर सावध राहा. पाच वर्षांसाठी 5 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकेवर नऊ टक्क्यांहून जास्त.

लीजचं भाडं गाडीच्या किमतीवरच बांधलेलं असतं, त्यामुळे इथेही घासाघीस आधी गाडीची. दोन लाख कमी करून घेतले तर 48 महिन्यांत व्याज-कर बाजूला ठेवूनही महिन्याला चार हजारांहून जास्त वाचतात. सांगितलेलं भाडं जीएसटी धरून आहे का, तेही विचारा. भाड्यावर गाडीइतकाच दर लागतो, म्हणजे या गाड्यांना एक लाखाचे एक लाख चाळीस हजार होतात. किलोमीटरची मर्यादा किती, त्यापुढे दर काय, ओरखड्यांचे पैसे कोण भरणार, हे करारात वाचा.

आणि नोकरी सुटली किंवा बदलली तर? हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या पुतणीला लीजचं भाडं फार आवडलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं की 12, 18 आणि 24 महिन्यांनी गाडी परत केली तर किती भरावं लागेल, त्याचा लेखी तक्ता मागव. तिला वर्षभरात जर्मनीला जायची शक्यता होती. तक्ता आला त्याच संध्याकाळी तिने अर्ज मागे घेतला आणि आहे तीच गाडी आणखी दोन वर्षं चालवायचं ठरवलं.