उसातली पिल्ले आणि आपली घाई

आमच्या जुन्नर भागात ऊसतोड सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या फडात बिबट्याची पिल्ले सापडतातच. येडगाव, माणिकडोह, वडज या धरणांचे पाणी शिवारात फिरले, ऊस वाढला आणि वर्षभर कुणी आत शिरत नाही अशी दाट जागा मादीला आयती मिळाली. ही पिल्ले जंगलातून वाट चुकून आलेली नसतात. ती सरीतच जन्मलेली असतात.

गेल्या हंगामात आमच्या बांधालगत दोन सापडली. टोळीतल्या बायका दूध पाजायला निघाल्या होत्या, पोरांनी मोबाईल काढले होते. वन्यजीवांच्या डॉक्टरांनी पिल्ले तपासली, गोचिड्या काढल्या, शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे ओळख पटवणारी चिप बसवली आणि दिवस मावळताना, आपण नारायणगावला टोमॅटो नेतो तसल्याच क्रेटमध्ये, त्याच सरीत ठेवली. रात्री मादीने क्रेट कलंडला आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेले. कॅमेऱ्यात हे सारे दोन मिनिटांचे आहे. वन्यजीवांवरचा याहून चांगला उपचार मला ठाऊक नाही.

तरीही दर ग्रामसभेत मागणी एकच: बिबटे पकडा आणि लांब सोडा. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्या संतापापुढे मी बोलू शकत नाही, पण हा उपाय आपल्याच तालुक्यांत करून झालेला आहे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या अभ्यासानुसार जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर धरपकड करून बिबटे इतरत्र सोडणे सुरू झाल्यावर ते १७वर गेले. शिवाय सोडलेला बिबट्या तिथे थांबतोच असे नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या बाहेर काढून, गळ्यात माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर पोहोचला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. ओळख पटली ती चिपमुळे.

पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या गज चावून सुळे मोडून घेतो, हे मात्र फारसे कुणी बोलत नाही. सुळे गेलेल्याला शिकार जमत नाही, मग माणिकडोहच्या निवारा केंद्रात तो जन्मभर राहतो. तिथे त्याची देखभाल नीट होते, पण त्याला 'सुटका' म्हणणे मला जड जाते.

आमच्या विहिरीलाही अजून कठडा नाही. थोरल्या भावाने यंदा पाणी आटले की बांधू म्हटले आहे. विटा येऊन पडल्या आहेत.