टॅब काढून घेतला की मूल बोलायला लागत नाही, गप्प होतं

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ‘नामवंत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला’ असं लिहिलंय. तज्ज्ञांचं नाव मात्र कुठेच नाही. सांगणं असं की, न बोलणाऱ्या मुलांना बोलका टॅब, म्हणजे चित्र किंवा शब्द दाबला की तो मोठ्याने बोलून दाखवणारा टॅब, देऊ नका, आयत्या आवाजाने जीभ आळशी होते. वयाच्या दहाव्या वर्षानंतर स्पीच थेरपी म्हणजे पैसे पाण्यात. टॅब दिलाच असेल, तर मग थेरपिस्ट हवा कशाला? शिवाय टॅबवर मूल बोलतच नाही, आई बोलते. आणि शेवटी रामबाण उपाय: टॅब काढून घ्या, तोंडातून शब्द निघेपर्यंत काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही.

माझी भाची नववीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे आणि ती टॅबवर बोलते. वहिनीने हा मेसेज मला पाठवून विचारलं, “ताई, आपलं काही चुकतंय का हो?” म्हणून हे लिहितेय, नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर देण्याइतका वेळ कुणाला आहे.

आधी ते पाणी. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून ओठ, जीभ, घसा आणि श्वास यांना जाणारे हुकूम नीट पोचत नाहीत, त्यांचा मेळ बसत नाही. मुलीला काय म्हणायचंय ते तिला पक्कं ठाऊक असतं. ते तोंडातून निघत नाही. तहान लागली म्हणून मेंदूतली इजा भरून येते, हे कुठल्या वैद्यकशास्त्रात लिहिलंय? ऑटिझम असलेल्या मुलाचं कारण वेगळं असेल, पण त्यालाही तहानलेलं ठेवून भाषा येत नाही. घरात प्रत्यक्षात काय होईल, तेही सांगते. मूल रडेल, हात आपटेल, आणि मग मागणंच सोडून देईल. मागणं सोडलं की म्हणायचं, बघा किती हट्टी आहे! मोठ्या माणसाला कुणी असं वागवलं, तर आपण पोलिसांत जाऊ.

जीभ आळशी होण्याचं म्हणाल, तर हे तपासून झालंय. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून चाळले. पद्धतशीर, भरवशाचे म्हणावेत असे त्यात 27 जणांचे दाखले निघाले. चित्रफलक, खुणा किंवा यंत्र वापरू लागल्यावर त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नाही. 11 टक्क्यांत फरक पडला नाही, 89 टक्क्यांत तोंडी बोलणं वाढलं. वाढ बहुतेकांची थोडीच होती, आणि दाखले 27च, हे खरं. पण मेसेजवाल्यांकडे उलट बाजूचा एक तरी दाखला आहे का? आपला 2016चा दिव्यांग हक्क कायदासुद्धा, कलम 17मध्ये, शिक्षणात अशी पर्यायी साधनं ‘स्वतःच्या बोलण्याला जोड म्हणून’ वापरायला उत्तेजन द्या असं म्हणतो.

दहाव्या वर्षानंतर थेरपी वाया? लहानपणी सुरुवात केलेली बरी, एवढं मान्य. पण हायस्कूलमधली थेरपी ‘आ कर, ई कर’ एवढ्यावर थांबत नाही. नववीच्या मुलीच्या टॅबवर अजून ‘खाऊ, पाणी, शू’ असेल, तर ती विज्ञानाच्या तासाला काय बोलणार? ‘सर, हे परत सांगा’, ‘मला असं म्हणायचं नव्हतं’, मैत्रिणींची नावं, वर्गातली टवाळी, एखादी सौम्य शिवीसुद्धा तिथे हवी. चित्रं जोडून ‘मी जाणे शाळा’ असं निघतं. त्याचं ‘मी शाळेत गेले होते’ करायला लिहितावाचता यावं लागतं, आणि एका बोटाने जोडाक्षरं टाइप करणं सोपं नाही. आपण मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द सहज बोलतो. यंत्रावर बहुतेकांना दहा-पंधराच्या पुढे जाता येत नाही. एवढ्यात वर्ग पुढे निघून जातो. मग ‘थांबा, मी बोलतेय’ हे आधी दाबायचं, चुकीचं समजलं गेलं तर दुरुस्त करायचं, हे सगळं शिकवावं लागतं. टॅब आला की थेरपिस्ट नको, हा मुद्दा इथेच निकालात निघतो. काम तेव्हाच सुरू होतं.

आणखी एक, जे घरात कुणी बोलत नाही. या वयाच्या मुलीच्या टॅबवर शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं हवीत, ‘हात लावू नका’ हवं, ‘त्यांनी मला त्रास दिला’ हवं. जिला सांगताच येत नाही, तिच्याशी कुणी काहीही करू शकतो. टॅब काढून घेणं म्हणजे तेही काढून घेणं.

‘आईच बोलते’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं दाबून घेण्याची एक पद्धत आहे. तिच्यात शब्द धरणाऱ्याचेच निघतात, हे चाचण्यांत दिसलंय. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने 2018 साली ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. पण जी स्वतःच्या बोटाने दाबते, तिचं काय? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी चिब एका बोटाने टाइप करत सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, पुढे लंडनला जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेतलं. त्यांचा हात कोण धरत होतं? शंका असेल तर आईला ठाऊक नसलेलं काही मुलीला विचारा, आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ थांबा.

खर्चाबद्दल तक्रार असेल तर ती रास्त आहे. जिल्ह्याच्या गावी थेरपिस्ट सहज मिळत नाही. अ‍ॅपचं म्हणाल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ फुकट आहे आणि मराठीत चालतं. टॅबवर मूल यूट्यूबच बघत बसेल अशी भीती असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन एकच अ‍ॅप उघडं राहील असं करता येतं. वहिनीने तेच केलंय.